चारूची चटई

“गाडी बघायला जाल तेव्हा चारूची चटई बरोबर घे. नुसत्या डोळ्यांनी मोजू देऊ नकोस त्यांना.”

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा घरात गाडीचं नावही निघालेलं नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी त्यांच्या तोंडात चमच्याने पेज घालत होते, आणि मला वाटलं, तापाच्या भरात बोलतायत. म्हणून मी म्हटलं, “कसली गाडी, सासूबाई?”

“घेतील बघ. दारात सरकारी मोटार यायची बंद झाली ना, आता स्वतःची आणल्याशिवाय राहायचे नाहीत. मी ओळखते त्यांना.” मग थोडा दम खाऊन म्हणाल्या, “नर्मदामाईला बोलून बसले होते मी. पोर जगली तर तिच्या हातून तुझी ओटी भरीन म्हणून. ती जगली. माझंच राहिलं.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. याहून वेगळं वचन आमच्यात झालं नाही. चार दिवसांनी त्या गेल्या.

चारू म्हणजे चारुलता, माझी धाकटी नणंद. उज्जैनला दिली होती. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तिच्या पाठीच्या कण्याला क्षयाने धरलं, आणि सासरच्यांनी “बरी झाली की पाठवा” असं म्हणून देवासला आणून सोडली. इंदूरच्या डॉक्टरांनी तिला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवलं. जीव वाचला. पण बसणं गेलं. फळीवर चटई, चटईवर ती, अगदी सरळ. उशाला हात देऊन कोणी दोन बोटं जरी उचललं तरी तिचे ओठ पांढरे पडत. ती कुंकू लावत होती, मंगळसूत्र घालत होती, आणि तिला न्यायला कोणी येत नव्हतं.

सासूबाईंनी एकदा तिला छकड्यात घालून नर्मदाकाठी नेमावरला न्यायचा प्रयत्न केला होता. खाली गवत, वर गाद्या. गाव सुटायच्या आत पोरीची शुद्ध हरपली आणि छकडा परत फिरला. तेव्हापासून ओटीचा खण देवघरातल्या फडताळात घडी करून ठेवलेला होता.

मामंजींचं नाव दत्तोपंत. देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात खासगीकडे मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थान विलीन झालं आणि काळी मोटार दारात यायची थांबली. मामंजी पगडी घालून देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत पायी जाऊ लागले, इतकंच. पूर्वी त्यांना बघून लोक बाजूला होत. आता मागून सायकलची घंटी वाजली की तेच बाजूला होत. घरी आले की उपरणं झटकून खुंटीला लावत आणि पूजेला बसत. सासूबाई गेल्यापासून ते पूजेला बसताना कमरेला सुपारी लावत. बायको नसलेल्या माणसाला धर्मकृत्याला बसायचं तर आमच्याकडे तशीच रीत आहे. सुपारी म्हणजे ती.

चारूच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ते रोज येत. “बरं आहे ना?” असं विचारत, आणि तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत वळत. चारू मला म्हणायची, “वहिनी, अप्पा माझी हजेरी घेतात. मी ‘हजर’ म्हणायच्या आत वर्ग सुटतो.”

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांचा बोल खरा झाला. मार्गशीर्षात मामंजींनी सांगितलं, धारच्या एका सरदारांकडच्या मोटारी विकायला निघाल्यात, बघायला जायचं. गाडी मोठी हवी, सगळं कुटुंब ऐसपैस मावलं पाहिजे, आणि माघातल्या सप्तमीला, नर्मदेच्या जयंतीला, सगळ्यांनी मिळून नेमावर करायचं. “हिचं बोलणं राहून गेलंय ते पुरं होईल,” असं ते भिंतीकडे बघत म्हणाले. माझं माहेर धारचं, म्हणून मीही बरोबर निघाले. मुलं आणि चारू शेजारच्या मालनकाकूंवर सोपवली. निघताना मी चारूला दुसऱ्या चटईवर सरकवून घेतलं आणि तिची नेहमीची गुंडाळून सुतळीने बांधली.

“माझी चटई फिरायला चालली,” चारू म्हणाली. “तिला म्हणावं, सगळं बघून ये आणि मला सांग.”

माझा एक नेम आहे. सकाळी स्नान करून सोवळ्यात नामाच्या माळा पुऱ्या केल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा आहे तो, आणि सासरी कोणी त्याच्या आड आलं नाही. धारला दादाकडे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जपाला बसले होते, तोच मामंजींचा निरोप आला. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, आत्ताच चला. सरदारांचा जुना तबेला दादाच्या परसाला लागूनच. मधल्या दिंडीच्या दारातून गेलं की झालं. मी सोवळ्याच्या रेशमी लुगड्यातच, हातात माळ घेऊन गेले आणि सगळ्यांपासून दूर निंबाखाली उभी राहिले. चटई दादाच्या काखेत दिली होती. माझा दादा, उमाशंकर, शाळेत मास्तर. येताना त्याने विचारलं, “ही कशाला ग?” मी बोटाने ‘थांब’ म्हटलं. माळ चालू असताना मी बोलत नाही.

तबेल्याची राखण गणोजींकडे होती. सरदारांच्या मोटारी तेच हाकत आलेले. त्यांनी कापड ओढलं आणि खाली लांबलचक काळी अमेरिकन गाडी निघाली, आरशासारखी. मामंजींचं तोंड मला तिच्या दारात दिसलं. वर्षा-दीड वर्षात त्यांची मान इतकी सरळ झालेली मी पाहिली नव्हती.

“बैठो तो सही, साहेब,” गणोजी म्हणाले. “ही चालत नाही, ही वाहते. आत चहाचा कप धरून मांडूपर्यंत गेलोय, बशीत थेंब नाही.”

आमचे हे मागच्या गादीवर बसून दोनदा उसळून बघत होते. “तेल किती पिते?”

“सरदारांनी कधी विचारलं नाही भिया, आपण कधी सांगितलं नाही.”

“पाहुण्यांना मात्र विचारावं लागेल,” दादा म्हणाला. “यांच्याकडे दूधसुद्धा मापाने उकळतात.”

“मास्तर, तुमच्या बहिणीच्या हातचं दूध आहे ते,” हे म्हणाले. “माप तिचं.”

मामंजी हसले नाहीत. त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि मूठभर सुपाऱ्या काढल्या. मग दारं उघडून एकेका जागेवर एकेक सुपारी ठेवू लागले. पुढे हाकणारा, त्याच्याशेजारी ते स्वतः. मधल्या घडीच्या दोन खुर्च्यांवर मुलं. मागे एक सुपारी. “हा कृष्णा.” म्हणजे आमचे हे. दुसरी, दाराकडेला, मध्ये हातभर अंतर सोडून. “ही सूनबाई, सोवळ्यात असेल तर कोणाचा स्पर्श नको.” आणि दोघांच्या मध्ये तिसरी. “ही चारू.” दोन पावलं मागे होऊन त्यांनी बघितलं. “ऐसपैस. आणखी दोघं मावतील.”

सुपाऱ्या काळ्या कातड्यावर शहाण्या मुलांसारख्या बसल्या होत्या. चारूची सुपारीही बसली होती.

माझी माळ मेरूमण्याशी आली. मी ती डोळ्यांना लावली आणि म्हटलं, “दादा, चटई.”

दादाला एवढं पुरलं. त्याने सुतळी सोडली आणि मागच्या गादीवर चटई पसरली. ती या दारापासून त्या दारापर्यंत गेली, दाराला टेकली आणि मग उरलेला भाग दारावर चढून उभा राहिला. त्याने ती तिरकी केली. तरी उभीच राहिली. चटईच्या मधोमध वेताचा रंग उडालेला होता, खांद्यांना रुंद, खाली निमुळता. चारू किती लांब आहे ते कोणालाही दिसलं असतं.

“पाय जरा दुमडले की…” मामंजी म्हणाले आणि थांबले.

“अप्पा,” हे हळूच म्हणाले, “चारूचे पाय दुमडत नाहीत.”

मामंजींनी चटईवरून हात फिरवला. मग तिच्याखालून चारूची सुपारी काढून मुठीत धरली. “मी तिची एकच जागा धरली होती,” ते म्हणाले, कोणाला उद्देशून नव्हे. तेव्हा मला कळलं की उंबऱ्यावरून ते का वळतात. त्यांच्या मनात चारू अजून बसत होती. परकर-पोलक्यात, त्यांच्या शेजारी, सरकारी मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर काढून.

मग गणोजी खाकरले. “झोपवून न्यायचं पेशंट आहे, हे आधी बोलायचं ना साहेब. पीछे एक और खडी है. दाखवत नव्हतो, तुमच्यासारख्यांना काय दाखवायची म्हणून.”

तबेल्याच्या टोकाला ताडपत्रीखाली ती उभी होती. हिरवी, डब्यासारखी, मागून दोन दारं. लढाईनंतर महूच्या छावणीतल्या लिलावात सरदारांनी तंबू वाहायला घेतलेली. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि मध्ये सपाट, लांब जागा. दाराच्या वर रंग खरवडून काढलेला होता, पण आडवी-उभी लाल फुली काय होती ते दिसत होतं. दादाने चटई आत पसरली. ती सरळ पडली. डोक्याशी हात ठेवायला जागा उरली, पायांशीही उरली. गणोजींनी पायरीवर उभं राहून गाडी हलवून दाखवली. ती पाळण्यासारखी डुलली.

“दवाखान्याची गाडी,” मामंजी म्हणाले.

“लष्करी. स्प्रिंगा तर बघा.”

“मुडदे वाहिले असतील हिच्यात.”

“जखमी, साहेब. मुडद्याला कोण एवढ्या स्प्रिंगा लावतो?”

“आणि सगळे जखमी वाटेत जिवंत राहतात की काय? ही माझ्या दारात उभी राहिली, तर येणारा-जाणारा विचारील, आज कोण गेलं तुमच्याकडे.”

“अप्पा, शांत करून घेऊ,” हे म्हणाले. “उदकशांत. गुरुजींना विचारू.”

“उदकशांतीने गाडीचं तोंड बदलत नाही, कृष्णा.” मामंजींचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. ते काळ्या गाडीकडे बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. माणसाचं सगळं गेल्यावर एक मान सरळ ठेवण्यापुरतं त्यांनी मागितलं होतं, आणि ते आरशासारखं समोर उभं होतं.

मग ते निंबाकडे पाठ करूनच म्हणाले, “आपल्या घरात सोवळं एकाच माणसाचं आहे. तिला विचार. देव घेऊन ती या गाडीत बसेल का? ती बसली आणि वर स्नान केलं नाही, तर मी हीच घेईन. तिला डोक्यावरून पाणी घ्यावंसं वाटलं, तर ही मुडद्यांची, आणि विषय संपला.”

त्यांनी ते अशा भरवशाने म्हटलं की उत्तर ठरलेलंच होतं. त्यांचाही दोष नव्हता. दवाखान्यातून आलेल्या माणसाची सावली पडली तरी मी लुगडं बदलते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे.

माझ्या माळा अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. मी निंबाखालून निघाले, पायरीवर पाय ठेवला आणि आत जाऊन चारूच्या चटईच्या उशाशी, उघड्या फळीवर बसले. आत लोखंडाचा वास होता आणि त्याच्या खाली कुठेतरी जुन्या औषधाचा. बाकाला कातडी पट्टे लावायच्या कड्या होत्या. एका कडीशेजारी लाकडावर नखाने की खिळ्याने कोणी बारीक रेघा ओढलेल्या होत्या. पडल्या पडल्या हात पोचेल तिथेच.

खरं सांगायचं तर मी माळ पुढे सरकवू शकले नाही. मग मनात आलं, इथे जो कोणी पडला असेल त्यालाही चारूसारखं नुसतं छप्परच दिसलं असेल. शेवटाला कोणी त्याच्या तोंडात पाणी घातलं असेल की नसेल. त्याचीही आई कुठल्यातरी नदीला काहीतरी बोलून बसली असेल. त्या सकाळच्या उरलेल्या माळा मी त्यांच्या नावाने केल्या. नावं ठाऊक नव्हती, म्हणून देवाचंच घेतलं.

उतरले तेव्हा ऊन निंबाच्या पलीकडे गेलं होतं. मामंजी तबेल्यात नव्हते. दिंडीतून परसात आले तर ते दादाच्या पडवीत खांबाला टेकून बसलेले होते. न्हाणीघराच्या दाराशी दादाची बायको, उमाबाई, तांब्याचा हंडा भरून उभी होती. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. “वन्सं, पाणी काढून ठेवलंय,” ती म्हणाली. “लुगडंही वाळत घातलेलं आहे.”

हंड्यातून वाफा येत होत्या. मला ते पाणी हवं होतं. अंगाला अजून तो वास होता.

“नैवेद्याचं झालं का, वहिनी?” मी विचारलं.

“झालं की. तुमच्याचसाठी थांबलेय.”

“मग द्या पान. देव उपाशी राहिलेत.”

मी तशीच, त्याच लुगड्यात, देवघरात गेले आणि नैवेद्य दाखवला. देवाला मी एवढंच म्हटलं, की यात काही चुकलं असेल तर ते माझ्याकडून वसूल कर, चारूकडून नको. ती भरपूर देऊन बसलीय. मग पाणी प्यायले.

बाहेर मामंजींनी उपरणं झटकलं. “कृष्णा,” त्यांनी हाक मारली. “गणोजींना सांग, हिरवी.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “दारावरची ती फुली झाकून मिळेल का विचार.” आणि हे उठले तेव्हा, “असू दे. नको.”

गणोजी गाडी घेऊन देवासला आले आणि नेमावर होईपर्यंत आमच्याकडेच राहिले. गल्लीत गाडी शिरली तेव्हा मामंजी म्हणाले होते तसंच झालं. समोरचे वकील टोपी काढून दारात आले आणि दबक्या आवाजात “केव्हा गेल्या?” म्हणाले. मामंजींनी त्यांना आत नेऊन चहा दिला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून ते टेकडीकडे जाताना गाडीला वळसा घालत नसत. तिच्या अंगावरून हात फिरवून पुढे जात.

चारूला खिडकीतून गाडीचा एक कोपराच दिसत होता. “वहिनी,” ती म्हणाली, “मला या घरातून आडवीच नेणार, हे ठाऊक होतं मला. जिवंतपणी नेताय, हे चांगलं झालं.”

“असं बोलू नये ग.”

“का? अप्पा ऐकत नाहीत. हजेरी झाली त्यांची.”

पण मामंजी उंबऱ्यावरच होते. या खेपेला वळले नव्हते. “ऐकलं मी,” ते म्हणाले. मग आत आले आणि तिच्या फळीजवळ खाली मांडी घालून बसले. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही. मी दिवा लावायचं निमित्त करून बाहेर आले.

माघ शुद्ध षष्ठीला आम्ही निघालो. कन्नोद, खातेगाव करत संध्याकाळपर्यंत नेमावर गाठायचं आणि सप्तमीला सकाळी घाटावर ओटी भरायची, असं ठरलं होतं. फडताळातला खण मी काढला. घडीवर वर्षांची रेघ उमटली होती. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू एका पितळी डब्यात भरलं. चौघांनी चारूला चटईसकट उचलून गाडीत ठेवलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मी ओठांकडे बघत होते. ते पांढरे पडले नाहीत.

मुलं बाकावर बसली. हे त्यांच्याजवळ. मी उशाशी, माझ्या जागी. पुढे गणोजींच्या शेजारची गादी मामंजींसाठी पुसून ठेवली होती. ते पुढच्या दारापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. मग गाडीला मागून वळसा घालून आले, छत ठेंगणं म्हणून पगडी काढून हातात घेतली आणि वाकून आत शिरले. चारूच्या पायांशी बसले. कमरेची सुपारी सोडून त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि तिच्या उशाकडे बोट केलं. मी ती चटईच्या कडेला, खणाच्या डब्याला टेकवून ठेवली.

“आई कुठे बसली?” चारूने डोळे न उघडताच विचारलं.

“तुझ्या उशाशी,” मामंजी म्हणाले.

गणोजींनी मागची दारं लावली, कडी तपासली आणि पुढे जाऊन गाडी सुरू केली. टेकडीवर देवीच्या काकडआरतीची घंटा वाजत होती. मी माळ हातात घेतली. गाडी गल्लीतून हळू बाहेर पडली आणि नर्मदेच्या वाटेला लागली.